औषध उलटं पडलं तर: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरसाठी

झोपेचं इंजेक्शन दिलं की माणूस झोपतो, उलटीचं दिलं की उलटी थांबते, टीबीच्या गोळ्या सुरू केल्या की गाठ बसते. नर्सिंगला आपण हेच पाठ करून बाहेर पडतो. मग एखाद्या नाइटला असा पेशंट भेटतो, की झोपेच्या इंजेक्शननंतर तो कॉटवर उभा राहून शिव्या घालायला लागतो. आपण ट्रेमधली फोडलेली अँप्यूल परत उचलून लाइटखाली वाचतो. नाव बरोबर, डोस बरोबर, पेशंट बरोबर. तरी उलटं.

आपल्या सोलापुरात लोक याला "औषध गरम पडलं" म्हणतात. डॉक्टर म्हणतात "पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन". दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील असं नाही. "गरम पडलं" मध्ये तोंड येण्यापासून जुलाबापर्यंत सगळंच बसतं. पॅराडॉक्सिकल म्हणजे औषधाने जे करायचं, त्याच्या नेमकं उलट केलं. या दोन्हींच्या मध्ये मोठा पसारा आहे: अ‍ॅलर्जी, अनपेक्षित दुष्परिणाम, आणि औषधाचा काही संबंध नसताना नेमकं त्याच वेळी उपटलेलं दुसरंच काहीतरी. रात्री दोन वाजता ही वर्गवारी करत बसायला कुणाला वेळ नसतो. तेव्हा कामाला येतं ते घड्याळ. औषध किती वाजता गेलं आणि पेशंट किती वाजता बदलला, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतील तर निम्मं निदान तिथेच होतं. बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर नव्या मुलींना मी आधी हीच सवय लावते.

ही सवय मला कुणी शिकवली नाही, फजितीतून लागली.

तेव्हा मी एका खासगी रुग्णालयात होते. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातले आजोबा, सत्तरी ओलांडलेले, खुब्याचं ऑपरेशन होऊन दुसरी रात्र. अकराच्या सुमाराला ते कॉटचे गज हलवायला लागले आणि "उच्चे, उच्चे" म्हणायला लागले. मला वाटलं, डोक्याकडून उंच करून हवंय. मी हँडल फिरवून कॉट वर केली. ते जास्तच ओरडायला लागले. मी आणखी वर केली. मुलगा खाली चहाला गेलेला. ड्युटी डॉक्टरांनी फोनवर एक मिलिग्रॅम मिडाझोलाम, म्हणजे झोपेचं इंजेक्शन, सांगितलं, ते सव्वाअकराला दिलं. दहा मिनिटांत आजोबांनी सलाईन उपटलं, ऑपरेशनचा पाय खाली सोडला, आणि माझ्याकडे बघून भलत्याच कुणाच्या तरी नावाने हाका मारायला लागले. मी परत फोन लावला आणि मीच विचारलं, "सर, अजून एक देऊ का?" दिलं. पुढचा तासभर चार माणसं त्यांना धरून होती.

पहाटे झाडायला आलेल्या मावशी घरात कन्नड बोलणाऱ्या. दारातूनच म्हणाल्या, "अहो सिस्टर, त्यांना लघवीला जायचंय की." उच्चे म्हणजे लघवी. चादर बाजूला केली तर ओटीपोट बेंबीपर्यंत फुगलेलं, आणि लघवीची नळी कॉटच्या गजात पिळवटून अडकलेली. बहुतेक मी कॉट वर केली तेव्हा ती आणखीच आवळली गेली. नळी सोडवली, पिशवी भरली, आजोबा झोपले.

त्या रात्री दोन चुका झाल्या. तडफड कशाची आहे ते न शोधता झोपेचं औषध दिलं, ही पहिली. पहिल्या डोसने उलटं झालं हे दिसत असताना तेच औषध पुन्हा मागितलं, ही दुसरी. दुसरी जास्त वाईट, कारण ती माझी एकटीची होती. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन चुकांभोवतीच आहेत.

औषध देण्याआधी: पाच मिनिटं बसून विचारा

"कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" हा प्रश्न विचारूच नका. शंभरातले नव्वद जण "नाही" म्हणतात, कारण त्यांना तो शब्दच आपला वाटत नाही. असं विचारा: "कुठलं इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का? सूज आली होती का? झोपेच्या गोळीने झोप यायच्या ऐवजी उलट वेड्यासारखं झालं होतं का? लहानपणी औषधाने काही झालं होतं असं घरात बोलतात का?" शेवटच्या प्रश्नाला हमखास एखादी आजी मान हलवते.

मग पिशवी मागवा. मेडिकलची ती पातळ प्लॅस्टिकची पिशवी, जिच्यात तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र असतात. सगळ्या स्ट्रिप टेबलावर ओता. साखरेची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा चाललेली असते, किंवा झोपेची गोळी वर्षानुवर्षं रोज चालू असते आणि कागदावर तिचा पत्ता नसतो. मे महिन्यात पारा ४३ ला टेकला की बीपीची आणि लघवी वाढवणारी तीच जुनी गोळी म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पाडते. डोस तोच असतो, माणूस सुकलेला असतो.

दारूबद्दल "पिता का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं. "रोज किती लागते, आणि शेवटची कधी घेतली?" असं सरळ विचारा, आणि तेच बायकोला बाजूला घेऊन पुन्हा विचारा. ताडी-शिंदीला बरेच जण दारूत धरतच नाहीत, म्हणून ती नाव घेऊन विचारा. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट घालतात. ते स्वतःच गुंगीचं औषध आहे, त्यामुळे ती अचानक बंद झाली की माणूस तसाच सैरभैर होतो. विडी वळणाऱ्या मावश्यांना मिश्रीचं विचारा. अ‍ॅडमिट झाल्यापासून मिश्री मिळाली नाही म्हणून चिडणाऱ्या, रात्रभर जागणाऱ्या बाईच्या कागदावर "अँग्झायटी" लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

भाषेचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच ओळीत झोपलेल्या असतात. शुद्धीत असताना माणूस आपल्याशी मोडकं मराठी बोलतो, पण गुंगीत किंवा तापात तो आईच्या भाषेवर जातो. तेव्हा निदान तीन शब्द पाठ ठेवा. दुखण्याला तेलुगूत नोप्पी, कन्नडात नोवु. पाण्याला तेलुगूत नीळ्ळु, कन्नडात नीरु. लघवीला कन्नडात उच्चे, तेलुगूतही जवळपास तेच, उच्च. माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर हे लिहिलेलं आहे. आणि चष्मा, कवळी, कानाचं यंत्र कपाटात कुलूप लावून ठेवू नका. ज्याला दिसत नाही नि ऐकू येत नाही तो म्हातारा माणूस अनोळखी खोलीत घाबरणारच.

दिल्यावर: लगेच पाठ फिरवू नका

शिरेतून द्यायचं औषध सावकाश द्या. हे सगळ्यांना माहीत असतं आणि राउंडच्या आधी सगळे विसरतात. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घाईत सोडलं तर चेहरा, मान, छाती लालभडक होऊन खाज सुटते. ते तासाभरात किंवा त्याहून सावकाश जायला हवं. बऱ्याचदा दोष औषधाच्या वेगाचा असतो आणि शिक्का बसतो अ‍ॅलर्जीचा, मग ते औषध त्या माणसाला आयुष्यभर मिळत नाही.

रक्त लावलं असेल तर पहिली १५ मिनिटं तिथेच थांबा. थंडी, कंबरदुखी, छातीत दडपण, लालसर लघवी यातलं काहीही दिसलं की रक्त बंद, नवीन सेटने नॉर्मल सलाईन सुरू, आणि पिशवीवरचा नंबर पुन्हा पेशंटच्या कागदाशी जुळवा. "थोडी थंडी आहे, वेग कमी करते" हा मधला मार्ग इथे चालत नाही.

उलटं झालं की: आधी हात थांबवा

पेशंट अचानक बदलला, मग तो भडकलेला असो की गपगार पडलेला, क्रम एकच. चालू असलेलं औषध थांबवा, पण शिरेतली सुई काढू नका. श्वास बघा, सॅच्युरेशन लावा. ग्लुकोमीटरने शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर बाकीचा विचार नंतर. गिळता येत असेल तर साखरेचं पाणी, नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार शिरेतून डेक्स्ट्रोज. ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाची शुगर वर आणल्यावरही काही तासांनी पुन्हा खाली येते, म्हणून एकदा ठीक दिसली की मशीन ठेवून देऊ नका. मग नाडी, बीपी, ताप. आणि मग हात ओटीपोटावर ठेवा. हे शेवटचं तुम्हाला कुठल्याही चार्टवर छापलेलं मिळणार नाही. आजोबांनी शिकवलेलं आहे.

इतकं सगळं तीन मिनिटांत होतं. होईपर्यंत कुणी कितीही आरडाओरडा केला तरी झोपेचं पुढचं इंजेक्शन भरायचं नाही.

आता घड्याळाकडे बघा

मिनिटांत झालं तर आधी अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या, दिशेने बघा. गांधी, ओठ-जिभेची सूज, आवाज बसणं, धाप, बीपी कोसळणं. कधी कधी गांधी दिसतही नाहीत, नुसतं बीपी जातं. इथे आपल्या सगळ्या वॉर्डांची एक वाईट खोड आहे: रिअ‍ॅक्शन म्हटलं की हात आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे जातो. ती दोन्ही मागाहूनची औषधं. जीव वाचवते ती अ‍ॅड्रेनालिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. लहान मुलांना वजनावर, किलोला ०.०१ मिलिग्रॅम. पेशंटला आडवं ठेवा, पाय वर. धाप असेल तर बसतं करा, पण उभं करून स्ट्रेचरपर्यंत चालवू नका. तुमच्या वॉर्डात अ‍ॅड्रेनालिन कुठल्या खणात आहे आणि ड्युटी डॉक्टर येईपर्यंत ते द्यायची लेखी परवानगी आहे का, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि उतार पडला म्हणून लगेच घरी पाठवायची घाई नको. काही जणांना काही तासांनी, औषध पुन्हा न देताही, तेच सगळं परत होतं.

सर्पदंशाची लस देताना हे जास्त लागतं. पेरणी-काढणीच्या दिवसांत तालुक्यांतून पेशंट येतात. आधी कातडीवर टेस्ट डोस देऊन काही कळत नाही, ती पद्धत सोडून दिलेली आहे. अ‍ॅड्रेनालिन भरून शेजारी ठेवा नि लस सुरू करा. रिअ‍ॅक्शन आली तर लस थांबवून अ‍ॅड्रेनालिन, आणि माणूस सावरला की लस पुन्हा सावकाश सुरू. इथे "रिअ‍ॅक्शन आली, आता लस नको" म्हणता येत नाही, कारण विषावर दुसरं औषधच नाही. नवीन मुली विचारतात, लहान मुलाला लस कमी द्यायची ना? नाही. सापाने पोर बघून विष कमी सोडलेलं नसतं, डोस तोच.

मिडाझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम यांचं उलटं पडणंही मिनिटांतच दिसतं. बडबड, रडणं, शिवीगाळ, हातपाय झाडणं. मेंदूतला स्वतःला आवरणारा भाग आधी गुंगतो आणि बाकीचा जागाच राहतो, असं त्याचं साधं स्पष्टीकरण दिलं जातं. लहान मुलं, म्हातारी माणसं, रोज पिणारे, आधी मानसिक आजार असलेले यांच्यात ते जास्त दिसतं. एकूण प्रमाण कमी आहे, पण रोज एंडोस्कोपी होणाऱ्या ठिकाणी वर्षातून काही वेळा भेटतंच. करायचं काय, तर तेच औषध वाढवायचं नाही, दिवा मंद, माणसं कमी, ओळखीचं एक जण उशाशी, सॅच्युरेशन लावलेलं. बहुतेकदा औषधाचा अंमल सरला की हेही सरतं. फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, तो द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात. म्हणून ती प्लॅस्टिकची पिशवी ओतायची.

पोरांच्या बाबतीत घरातूनच सुरुवात झालेली असते. सर्दीचं झोप आणणारं सिरप दिलं आणि पोरगं रात्री एकपर्यंत पलंगावर उड्या मारतंय. आई सांगते, "झोपावं म्हणून अजून अर्धा चमचा दिला." हाच माझा दुसरा डोस. फेनरगन हे असंच झोप आणणारं औषध दोन वर्षांखालच्या बाळाला देऊच नये, श्वास मंदावतो. फिटसाठी फेनोबार्बिटोन चालू असलेली काही मुलं शांत व्हायच्या ऐवजी चिडकी, अवखळ होतात. गोळी स्वतःहून बंद करू नका असं आईला बजावून सांगा, नाहीतर फिट परत येते.

तासांत झालं तर चित्र वेगळं. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, उलट्यांसाठी दोनदा पेरिनॉर्म दिलेलं. संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळून राहिली, डोळे छताला लागले, जीभ जाड झाल्यासारखी, बोलता येईना. तिच्या मावशीने तोवर अंगारा लावून लिंबू उतरवलं होतं. मी मुलीला म्हटलं, माझं बोट धर. तिने घट्ट धरलं, डोळ्यांतून पाणी. पूर्ण शुद्धीत होती. खूण हीच: झटक्यात शुद्ध जाते, यात जात नाही. डॉक्टरांनी फेनरगन सांगितलं, खोल स्नायूत दिलं, वीस मिनिटांत मान सरळ. मावशी म्हणाल्या, "लिंबानं गुण आला." मी वाद घातला नाही, पण पेरिनॉर्मचं नाव मात्र त्यांच्याकडून तीनदा पाठ करून घेतलं. तरुण मुली आणि मुलांमध्ये हे जास्त होतं, साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत. पोरांना नाचवणारं फेनरगनच इथे उतारा म्हणून चालतं, ही गंमत लक्षात राहते.

लेप्टोस्पायरोसिस किंवा सिफिलिसला पेनिसिलिनसारखं औषध सुरू केल्यावर काही तासांत हुडहुडी भरते, ताप चढतो, नाडी पळते, बीपीही उतरू शकतं. जंतू एकदम मेल्याने शरीर पेटतं. यारिश आणि हर्क्सहायमर या दोन डॉक्टरांच्या नावाने ही रिअ‍ॅक्शन ओळखतात. साधारण दिवसभरात ती ओसरते. गांधी नाहीत, घसा सुजलेला नाही, धाप नाही, तर ती पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी समजून कागदावर लाल अक्षरात लिहून टाकू नका. डॉक्टरांना दाखवा, बीपीवर नजर ठेवा.

दम्याच्या पंपाने किंवा वाफेने छाती मोकळी व्हायच्या ऐवजी तिथल्या तिथे आवळली, असंही क्वचित होतं. वाफ बंद करा, डॉक्टरांना हाक मारा. हात थरथरणं आणि छाती धडधडणं मात्र पंपातल्या सालब्युटामॉल या औषधाचं नेहमीचंच.

ऑक्सिजनचं उलटं पडणं लोकांना पटतच नाही. चाळीस वर्षं विडी ओढलेले किंवा चुलीच्या धुरात गेलेले पेशंट, फुफ्फुसं थकलेली. सॅच्युरेशन ८६ बघून नातेवाईक घाबरतात आणि आपली पाठ वळली की फ्लोमीटरची चावी फुल्ल करतात. सॅच्युरेशन ९९, सगळे खूश. तासाभराने काका गाढ झोपलेत, हलवलं तरी डोळे उघडत नाहीत. ती झोप चांगली नव्हे, आत कार्बन डायऑक्साइड साठतोय. अशा पेशंटमध्ये ८८ ते ९२ हेच लक्ष्य. गुंगी दिसली तर ऑक्सिजन एकदम काढू नका, तेही धोक्याचं. त्या पट्ट्यात येईल इतका कमी करा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. मी फ्लोमीटरवर चिकटपट्टी लावून "हात लावू नये, ८८–९२" लिहिते. निम्मे लोक ऐकतात.

दिवसांत झालं तर दारू आठवा. पाय मोडून आलेला माणूस पहिल्या दिवशी शहाण्यासारखा बोलतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान घाम, ताप, भिंतीवर किडे दिसणं, पळून जायची धडपड. नेमक्या याच काळात ऑपरेशन झालेलं असतं, म्हणून दोष भुलीला किंवा वेदनेच्या इंजेक्शनला जातो. आणि इथे माझा वरचा सगळा उपदेश उलटा फिरतो: ज्या जातीच्या औषधाने आजोबा बिथरले, त्याच जातीची डायझेपाम-लोराझेपाम इथे इलाज आहेत, आणि कमी पडली तर माणूस जातो. दोन्ही पेशंट लांबून सारखेच दिसतात. फरक कळतो तो शेवटच्या पेल्याची वेळ आणि इंजेक्शनची वेळ लिहिलेली असेल तरच. यांना ग्लुकोजसोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) हवं, शक्यतो आधी. पण शुगर खाली असेल तर थायमिनची वाट बघत थांबू नका.

आठवड्यांनी झालं तर पेशंट आपल्यासमोर नसतो, ओपीडीत परत येतो, आणि गोळ्या बंद करून येतो. मानेत टीबीची गाठ असलेला कारखान्यातला मुलगा. गोळ्या सुरू होऊन दोन महिने, ताप गेला, भूक लागायला लागली, वजन वाढलं, आणि गाठ मात्र दुप्पट, शेजारी अजून एक नवीन. घरचे म्हणतात गोळ्या मानवल्या नाहीत. खरं तर जंतू हरत असताना शरीराची सावरलेली ताकद मेलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि सूज वाढते. पण हे म्हणायच्या आधी डॉक्टर दोन शंका फेडून घेतात: गोळ्या खरंच रोज पोटात गेल्या का, आणि जंतू औषधाला दाद न देणारा तर नाही. त्या फिटल्या की गोळ्या तशाच चालू, गरज पडली तर जोडीला स्टेरॉइड. तुमचं काम इतकंच, की गोळ्या सुरू करतानाच सांगून ठेवा, "मधे गाठ वाढलीच तर गोळी सोडायची नाही, इथे यायचं." डोकेदुखी, उलट्या, झटके असतील तर त्याच दिवशी. एचआयव्हीची औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दबलेला टीबी असाच उसळतो.

कुष्ठरोगातही तेच. गोळ्या चालू असताना चट्टे लाल होऊन सुजणं, नसा दुखणं, हाताची पकड ढिली पडणं याला लेप्रा रिअ‍ॅक्शन म्हणतात. मूळ गोळ्या थांबवायच्या नाहीत, पण उशीरही करायचा नाही, नस कायमची जाते.

नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये, बेचैनी आणि जीव द्यायचे विचार वाढू शकतात. घरच्यांना हे घाबरवून नव्हे पण स्पष्ट सांगा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून द्या.

डॉक्टरांना फोन: रडगाणं नको, आकडे सांगा

"सर, पेशंट खूप त्रास देतोय" या वाक्यावर फोनवरून झोपेचं इंजेक्शनच मिळणार. असं बोला: "सर, पाच नंबर कॉट, खुब्याचं ऑपरेशन, दुसरी रात्र. ११.१५ ला मिडाझोलाम एक मिलिग्रॅम दिलं. ११.२५ पासून आधीपेक्षा जास्त बिथरलेत, ओळखत नाहीत. नाडी ११८, बीपी १५०–९०, सॅच्युरेशन ९४, शुगर १०२. लघवी तीन तासांत काहीच नाही, ओटीपोट फुगलंय. पुढचा डोस दिलेला नाही. बघायला या." शेवटचं वाक्य विनंतीच्या सुरात नको. त्या रात्री मला हे आकडे घ्यायला तीन मिनिटं लागली असती.

नातेवाइकांशी बोलताना

नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर घटना साधी असते: सिस्टरने सुई टोचली आणि माणूस बिघडला. तेव्हा "असं होतंच" हे दोन शब्द तोंडातून काढू नका, त्यावर भांडणं झालेली आहेत. सरळ सांगा: "हे औषध काही जणांना उलटं पडतं. ते आम्ही थांबवलंय. डॉक्टर येतायत. तुम्ही उशाशी बसा, हात धरा, तुमच्या भाषेत बोला." माणसाला काम दिलं की त्याचा आवाज खाली येतो. बांधून ठेवायची वेळ आलीच तर का बांधतोय ते आधी बोला, मग बांधा. आणि अंगारा-लिंबावर हसू नका. हसलात तर पुढच्या वेळी ते आधी तिकडे जातील आणि तुमच्याकडे उशिरा.

लिहा, कळवा, पुढे पाठवा

केस पेपरवर औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, डोस, कुठून दिलं, वेळ. काय झालं, किती वाजता. काय केलं, कधी उतरलं. "रिअ‍ॅक्शन आली, डॉक्टरांना कळवलं" या एका ओळीने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. अँप्यूल, बाटली, रक्ताची पिशवी फेकू नका. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना हे तोंडी पण सांगा, नुसतं "पाच नंबर रात्री त्रास दिला" नको.

देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा कार्यक्रम चालतो, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला. फॉर्म भरायला डॉक्टरच लागतो असं नाही, सिस्टर भरू शकते, फार्मासिस्ट भरू शकतो, पेशंटसाठी वेगळा फॉर्म आहे. खात्री असायची गरज नाही, संशय पुरतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. आपल्यावर बालंट येईल म्हणून मुली फॉर्म भरत नाहीत; त्यात चूक कुणाची हे विचारलेलंच नसतं.

आणि डिस्चार्जच्या वेळी एक चिठ्ठी. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव इंग्रजीत आणि घाईत लिहिलेलं असतं, ते घरी कुणी वाचत नाही. तुम्ही देवनागरीत, मोठ्या अक्षरात लिहा: "यांना मिडाझोलाम दिल्यावर माणूस बिथरतो. कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवणे." खाली तारीख, वॉर्ड, डॉक्टरांची सही. कन्नड किंवा तेलुगू वाचणारं घर असेल तर मावशींकडून त्या लिपीत एक ओळ घालून घ्या. ही चिठ्ठी रिपोर्टच्या फाइलमध्ये ठेवायची नाही, फाइल माळ्यावर जाते. आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, कार्डाच्या मागे घाला. ते पाकीट घेतल्याशिवाय दवाखान्यात कुणी येत नाही.